सॉलिसिटरचे बिल

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ही भीती न्यायाची जितकी, तितकीच खर्चाचीही आहे. आणि ती काही आपल्याच देशापुरती नव्हे.

इंग्लंडमध्ये १७२९ च्या कायद्याने असे ठरले की, सही केलेले बिल अशिलाच्या हाती देऊन महिना लोटल्याखेरीज सॉलिसिटरने फीसाठी दावा लावू नये. अशिलाला ते बिल न्यायालयाकडून तपासून घेता येई. परंतु मोबदल्याचे माप विलक्षण होते. दस्तऐवजाच्या लांबीवर, बहुधा ७२ शब्दांच्या एका ‘फोलिओ’वर, आकार पडे. साहजिकच खरेदीखते फुगत गेली. थोडक्यात लिहिणाऱ्याचे नुकसान होई.

१८८१ च्या कायद्यान्वये स्थावराच्या व्यवहारांत शब्दांऐवजी मिळकतीची किंमत हे माप आले. पाल्हाळाचा मोह गेला. मात्र श्रम तेवढेच असूनही महाग घराला फी अधिक पडू लागली. हे दरपत्रकही १९७२ च्या हुकुमाने गेले.

मुंबई उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडवर हीच इंग्रजी परंपरा रुजली. तेथे सॉलिसिटर वेगळा आणि युक्तिवाद करणारा वेगळा. पक्षकाराला दोघांचीही फी भरावी लागे. १९७६ च्या कायदादुरुस्तीने हा भेद कायद्यातून पुसला गेला.

मापे बदलली, अडचण तीच राहिली. झालेले काम आवश्यक होते की नाही, हे अशिलाला पारखता येत नाही. म्हणूनच बिल त्रयस्थाकडून तपासून घेण्याचा तो जुना हक्क कोणत्याही दरपत्रकाहून मोलाचा ठरतो.