मुंबईतील टॅक्सी व्यवसायाचे नियमन

मुंबईत मीटरवर धावणाऱ्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींचे परवाने, भाडेदर, गाडीचे आयुर्मान आणि चालकाचे वर्तन यांवरील शासकीय नियंत्रणाची व्यवस्था. शहरात मोटार-टॅक्सी १९११ च्या सुमारास घोडागाड्यांच्या जोडीला आली. आजच्या नियंत्रणाचा पाया १९८८ चा मोटार वाहन अधिनियम हा आहे. त्याच्या ६७ व्या कलमाने भाड्यासंबंधी निर्देश देण्याचा अधिकार राज्य शासनाला मिळतो, तर ७४ व्या कलमात मोठ्या शहरांतील परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याची तरतूद आहे. दर ठरवण्याचे काम मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण करते. अंमलबजावणी आरटीओ आणि वाहतूक पोलीस पाहतात. बांद्रा व शीव यांच्या दक्षिणेला रिक्षांना मज्जाव असल्यामुळे मूळ शहरात मीटरवर मिळणारे वाहन टॅक्सी हे एकच, म्हणून या व्यवस्थेतल्या उणिवांची झळ तिथल्या प्रवाशाला थेट बसते. व्यवस्थेबद्दलची सार्वजनिक चर्चा बहुतेक वेळा भाडे किती वाढले आणि टॅक्सीवाले किती मुजोर झाले एवढ्यावरच थांबते. तिचा इतिहास तपासला तर मुख्य दोष अन्यत्र सापडतो: भाड्याची रचना सदोष आहे आणि भाडे बदलण्याचे वेळापत्रक कधीच पाळले गेलेले नाही.

नियम मोडले जातात याचे खापर चालकांच्या वृत्तीवर फोडणे सोपे आहे. पण याच चालकांनी काही कडक नियम पाळलेले आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रदूषणाचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि त्यातून जुन्या टॅक्सी सीएनजीवर नेण्याचे आदेश निघाले. काही वर्षांतच सीएनजी हे टॅक्सीचे नेहमीचे इंधन झाले. गाडीला वीस वर्षांची वयोमर्यादा लागली आणि अनेक दशके शहराची ओळख ठरलेली प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सीसेवेतून बाद झाली. बाहेर लावलेल्या यांत्रिक मीटरची जागा इलेक्ट्रॉनिक मीटरने घेतली. या बदलांचा खर्च चालक-मालकांवर पडला, संघटनांनी विरोधही केला, तरी ते अमलात आले. कारण हे नियम पासिंगच्या वेळी तपासता येतात आणि ते मोडणाऱ्याची गाडी रस्त्यावर येतच नाही. भाडे न नाकारण्याचा नियम या प्रकारचा नाही. अधिनियमाच्या १७८ व्या कलमानुसार नकार हा दंडनीय गुन्हा आहे. पण तो घडतो रस्त्यावर, क्षणार्धात, बहुधा साक्षीदाराविना. असा नियम केवळ दंडाच्या धाकावर टिकत नाही. तो पाळल्याने चालकाचे फार नुकसान होऊ नये, एवढी सोय दरातच असावी लागते.

ती सोय आजच्या दरात नाही, हे साध्या हिशेबाने दाखवता येते. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला २०.६६ रुपये असा दर लागू झाला. ३१ ला दीडने भागले की जवळजवळ तोच किलोमीटरचा दर येतो. म्हणजे सुरुवातीच्या भाड्यात अंतराच्या किमतीखेरीज काहीही धरलेले नाही. प्रवासी बसल्यावर गाडी कोंडीत अडकली तर मीटर थांब्याचे पैसे मोजतो. स्टँडवर रांगेत घालवलेला वेळ आणि रिकामे परतण्याचा खर्च दरात सरासरीने धरला असला, तरी तो प्रत्येक किलोमीटरवर सारखाच पसरलेला असतो. त्यामुळे अर्धा तास थांबलेल्या चालकाला दोन किलोमीटरचे भाडे मिळाले तर हातात सुमारे ४१ रुपये पडतात. तेवढ्याच प्रतीक्षेनंतर बारा किलोमीटरचे मिळाले तर २४८. जवळचे भाडे नाकारण्याची प्रवृत्ती अशा प्रकारे दरपत्रकातच पेरलेली आहे. उलट चर्चगेटहून नरिमन पॉइंटला जाणाऱ्या शेअर टॅक्सीत अंतर ठरलेले, माणशी भाडे ठरलेले आणि गाडी भरलेली असते. तिथे ‘तिकडे येणार नाही’ हा वाद उद्भवतच नाही. सुरुवातीचे भाडे वाढवले तर जवळ जाणाऱ्या सामान्य प्रवाशावर बोजा पडेल, हा आक्षेप खरा आहे. परंतु त्या प्रवाशाला आज स्वस्त दर मिळतो तो कागदावर. टॅक्सी मात्र मिळत नाही. शिवाय लांबच्या टप्प्यात दर उतरता ठेवला तर चालकाचे एकूण उत्पन्न न वाढवताही हा बदल करता येतो.

वेळापत्रकाचा प्रश्नही जुनाच आहे. पी. एम. ए. हकीम यांच्या एकसदस्य समितीने २०१२ मध्ये इंधन, गाडीची किंमत, देखभाल आणि चालकाचा निर्वाह यांवर आधारित सूत्र देऊन दरवर्षी भाड्याचा फेरविचार करण्याची शिफारस केली. हे सूत्र चालकांच्या बाजूला झुकलेले आहे, असे म्हणत मुंबई ग्राहक पंचायतीने त्याला न्यायालयात आव्हान दिले. पुढे २०१६ मध्ये बी. सी. खटुआ समिती नेमली गेली. लांबच्या अंतराला आणि दुपारच्या निवांत वेळेला सवलत देण्याचा विचार तिने मांडला. तिचा अहवाल शासनाने २०२० मध्ये स्वीकारला, पण २०२५ च्या दरातही अंतराचा हिशेब सरळ रेषेतच राहिला. दरम्यान जून २०१५ मध्ये ठरलेले २२ रुपयांचे किमान भाडे मार्च २०२१ पर्यंत बदलले नाही. तेव्हा ते २५ झाले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये २८. जवळजवळ सहा वर्षे गोठलेल्या दराची भरपाई चालक कुठून तरी करतोच: भाडी निवडून, मीटर न पाडता उक्ते पैसे मागून किंवा देखभालीत काटकसर करून. दरवर्षी दर बदलले तर मीटरची पुन्हा जुळणी करण्याचा खर्च वाढेल आणि काही काळ टॅरिफ कार्डावर काम भागवावे लागेल, ही अडचण आहेच. ठरलेल्या तारखेला, पासिंगसोबत जुळणी केली तर ती आटोक्यात राहते. ग्राहक संघटनांचा आक्षेप सूत्रातल्या आकड्यांना लागू पडतो. ठरावीक काळाने हिशेब करण्याच्या तत्त्वाला तो लागू पडत नाही. इंधन स्वस्त झाले तर त्याच सूत्राने भाडे उतरवताही येईल.

ॲपवरील टॅक्सी आल्यावर शासनाने दर ठरवण्याची गरजच उरली नाही, असे एक मत आहे. मुंबईत २०१० मध्ये स्थापन झालेली ओला आणि पाठोपाठ आलेली उबर यांनी पर्यटक परवान्याच्या गाड्या जोडून मागणीनुसार चढणारे-उतरणारे दर रूढ केले. भाडे आधी कळते, तक्रारीची नोंद राहते आणि जवळच्या फेरीलाही किमान रक्कम मिळते, हे त्यांचे गुण मान्य करावे लागतात. मात्र दर ठरवणारे गणित प्रवाशाला आणि चालकाला दोघांनाही दिसत नाही. मुसळधार पावसात लोकल बंद पडतात तेव्हा तुलना करून निवडण्याची मुभा कोणालाच नसते. म्हणूनच राज्याने २०१७ मध्ये सिटी टॅक्सी नियम केले. मोटार वाहन अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने ॲप कंपन्या परवान्याच्या कक्षेत आल्या. २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी वाढीव दराला मूळ भाड्याच्या दीडपटीची मर्यादा घातली आणि भाड्यातला किमान ८० टक्के वाटा चालकाला देण्यास सांगितले. २०२५ मध्ये ही मर्यादा दुपटीपर्यंत सैल झाली. म्हणजे दराचे नियमन संपले नाही. एका आकड्याऐवजी वरची आणि खालची हद्द ठरवणे, एवढाच त्यात बदल झाला. काळ्या-पिवळ्या टॅक्सीला मात्र अजून एकाच ताठर आकड्याला बांधून ठेवलेले आहे.

दरातला दोष परवान्यांच्या संख्येने भरून काढण्याचा मार्गही फसवा ठरतो. न्यूयॉर्कने १९३७ च्या हास कायद्याने टॅक्सींची संख्या रोखली. पुढे तिथल्या परवान्याचा धातूचा बिल्ला हीच मालमत्ता झाली, त्याची किंमत २०१४ च्या सुमारास दहा लाख डॉलरवर गेली आणि ॲपच्या स्पर्धेत कोसळताना कर्ज काढून तो घेणारे चालक बुडाले. मर्यादेचा लाभ गाडी चालवणाऱ्याऐवजी कागद बाळगणाऱ्याला मिळतो, हा त्याचा बोध. मुंबईतही दुसऱ्याच्या परवान्यावर रोजच्या ठरावीक रकमेने गाडी घेणारे चालक आहेत. परवाने दुर्मीळ झाले की ती रक्कम वाढते आणि भाडेवाढीचा फायदा तिथेच जिरतो. सरसकट खुले परवानेही रस्त्यांच्या क्षमतेपुढे परवडणारे नाहीत. तेव्हा संख्येची मर्यादा वाहतूक कोंडीच्या निकषावर ठरावी आणि चालकाचे उत्पन्न दराने सांभाळावे, ही विभागणी अधिक सयुक्तिक ठरते. सुरुवातीला थोडे चढे व पुढे उतरते भाडे, त्याचा वर्षाकाठी ठरल्या दिवशी फेरविचार आणि सूत्रातले आकडे सर्वांना खुले, एवढे झाल्यावर नकारासाठी परवाना निलंबित करणेही न्याय्य म्हणता येईल. कारण दर ठरवण्याचा हक्क राज्याने स्वतःकडे ठेवला आहे; तो वेळेवर आणि नीट ठरवण्याचे कर्तव्य त्याच हक्कातून येते.