आधी कोण? हुतूतूच्या दमापासून वीस बाजूंच्या फाशापर्यंत

मागच्या लेखानंतर एका वाचकाने विचारलं होतं, "ताई, मॉडेलमधलं गृहीतक नेमकं लपून बसतं कुठे?" उत्तरासाठी आज खेळांच्या इतिहासात जाऊ. पीएचडीची तयारी करताय आणि खेळांचं काय करायचं, असं वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा, कारण या प्रश्नाने माझे दोन महिने खाल्ले आहेत.

खऱ्या मारामारीत सगळं एकाच वेळी घडतं. खेळात मात्र वेळेचे तुकडे करावे लागतात आणि प्रत्येक तुकडा कुणाच्या तरी हातात द्यावा लागतो. आधी कोण, आणि किती वेळ? याची उत्तरं आपल्याकडे मैदानावर सापडली आणि युरोप-अमेरिकेत टेबलावर.

आधी मैदान. वर्धा जिल्ह्यात शाळेच्या पटांगणात हुतूतू पाहिला नाही असा माणूस विरळाच. चढाई करणारा एकटा जातो आणि त्याच्याजवळ जितका श्वास, तितकीच त्याची वेळ. "हुतूतूतू" चालू आहे तोवर हल्ला त्याचा. दम तुटला की पाळी संपली. म्हणजे घड्याळ पंचाच्या हातात नाही, खेळाडूच्या छातीत आहे! ज्याचा दम मोठा, त्याची पाळी मोठी. वेळ मोजायचं माप आणि खेळाडूची ताकद, दोन्ही एकच.

आता खेळ संपायचा कधी? जुन्या प्रकारांत याची तीन उत्तरं होती. 'संजीवनी'त समोरचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी परत येई. 'गामिनी'त बाद झालेला बाहेरच राही आणि एक बाजू पूर्ण संपेपर्यंत डाव चाले. 'अमर'मध्ये कुणी बाहेरच जात नसे, फक्त गुण मोजायचे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात या प्रकारांतून एकसारखे नियम बांधायला सुरुवात झाली आणि १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याच्या अखिल भारतीय स्पर्धेत सुधारलेले नियम वापरले गेले. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा. तिथल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिकं दाखवली. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला, १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत खेळाला पदक मिळू लागलं.

या प्रवासात वेळेचे नियम घट्ट होत गेले. नाणेफेकीने पहिली चढाई ठरते, मग चढाया आलटून पालटून. एक चढाई संपली की पाच सेकंदांत समोरच्यांनी आपला गडी पाठवायचा. दम उशिरा सुरू केला तर चढाई गेली आणि संधी समोरच्यांना. शब्दही एकच ठरला, 'कबड्डी'. आणि पुढे चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आली. इथे एक मोठी गोष्ट गुपचूप बदलली: घड्याळ छातीतून निघून टेबलावर गेलं. नियम समान झाला, पण दमदार गड्याचा जुना फायदा कमी झाला. नियम बदलला की कोण जिंकतो तेही बदलू शकतं, हे लक्षात ठेवा.

आता टेबलाकडे येऊ. १८२४ मध्ये प्रशियाच्या राइसवित्झ या लष्करी अधिकाऱ्याने 'क्रीगस्पील' हा नकाशावरचा युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्यात एक फेरी म्हणजे दोन मिनिटं. दोन्ही बाजू आपले हुकूम पंचाला देत आणि काय घडलं ते पंच ठरवी. १९७१ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचं 'चेनमेल' आलं. फेरी एका मिनिटाची, आणि क्रमाचे पर्याय दोन. एकतर दोघांनी फासा टाकायचा आणि जिंकणाऱ्याने आधी जायचं की मागून ते ठरवायचं. नाहीतर दोघांनी हुकूम कागदावर लिहायचे आणि एकदमच हलायचं. एकाच पुस्तकात दोन गृहीतकं, तीही उघडपणे लिहिलेली!

१९७४ मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला. इथे सैन्य नाही. प्रत्येक खेळाडूचं एक पात्र असतं आणि एक जण गोष्ट चालवतो. पण पहिला वार कुणाचा, हे त्या पुस्तिकांत नीट सांगितलेलं नव्हतं. मग उत्तरांची रांग लागली. १९७७ च्या सोप्या आवृत्तीत चपळ पात्राचा वार आधी. १९७८ च्या 'रूनक्वेस्ट'मध्ये बारा सेकंदांची फेरी, आणि क्रम ठरणार पात्राचा आकार, चपळाई आणि शस्त्राची लांबी यांवरून. १९७९ मध्ये गायगॅक्सने एका मिनिटाच्या फेरीचे सहा-सहा सेकंदांचे दहा तुकडे केले. सहा बाजूंचा फासा, शस्त्राचा वेग, मंत्राला लागणारे तुकडे, सगळं त्यात. मंत्र म्हणता म्हणता मार बसला तर मंत्र वाया. बारकावा भरपूर, हिशोबही तितकाच.

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीत हे सगळं सोपं केलं. लढाईच्या सुरुवातीला एकदाच वीस बाजूंचा फासा, त्यात चपळाई मिळवा, आणि तोच क्रम शेवटपर्यंत फिरत राहील. फेरी आता सहा सेकंदांची. गंमत बघा, १९७९ चा सगळ्यात लहान तुकडा इथे अख्खी फेरी झाला!

आता माझे दोन महिने. कपाशीवरची बोंडअळी आणि तिच्या अंड्यांवर वाढणारा परोपजीवी कीटक यांचं एक साधं मॉडेल मी लिहिलं होतं. शेत म्हणजे चौकटी, वेळ म्हणजे एकेक दिवस. निकाल सुंदर होता, अळी प्रत्येक वेळी टिकून राहायची. मी आलेख काढले, गाइडना दाखवले. मग कोड साफ करताना दिसलं की रोज आधी अळीची पाळी येत होती आणि मग कीटकाची. क्रम रोज फासा टाकून ठरवला, तर निकालच गेला. मी निसर्गाबद्दल काही शोधलं नव्हतं. मी फक्त अळीला कायमचा पहिला डाव देऊन ठेवला होता.

मोठ्यांच्या बाबतीतही हे घडलंय. १९९२ मध्ये मार्टिन नोवाक आणि रॉबर्ट मे यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की चौकटींवर खेळणाऱ्यांत सहकार्य टिकू शकतं. त्यांच्या मॉडेलमध्ये सगळ्या चौकटी एकदम बदलत होत्या. १९९३ मध्ये ह्युबरमन आणि ग्लान्स यांनी तेच आकडे घेऊन चौकटी एकेक करून बदलल्या, आणि सहकार्य नाहीसं झालं. पुढच्या वर्षी नोवाक आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं की इतर काही आकड्यांसाठी एकेक करूनही सहकार्य टिकतं. वाद चांगला झाला, कारण आता क्रम हा सगळ्यांना दिसणारा मुद्दा झाला होता. 'चेनमेल'मधले तेच दोन पर्याय, बावीस वर्षांनी!

म्हणून तुमच्या मॉडेलमध्ये वेळ असेल, तर निकालावर खूश होण्याआधी एवढं करा. वेळेचा तुकडा निम्मा करा, दर पायरीचे दर त्या हिशोबाने बदला आणि पुन्हा चालवा. क्रम उलटा करा, मग फाशावर सोडा. निकाल टिकला तर बरं. नाही टिकला तर घाबरू नका, पण पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य लिहाच: आधी कोण, आणि का. गायगॅक्सने खेळासाठी लिहिलं होतं, आपण प्रबंधासाठी लिहायला हरकत काय?

तुमच्या कोडमध्ये पहिली पाळी कुणाची आहे, ते आज उघडून बघा. काही सापडलं तर कळवा.