जूल यांचा थर्मामीटर आणि कांचेची चंचलता

थर्मामीटरांतील पारा चढतो आणि उतरतो, परंतु त्याला धारण करणारी कांच मात्र स्थिर असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाहीं, हें ज्या चिकाटीच्या निरीक्षणानें स्पष्ट झालें, त्याचा इतिहास बोधप्रद आहे.

उष्णता व यांत्रिक कार्य यांचें प्रमाण ठरविणारे इंग्लिश शास्त्रज्ञ जेम्स जूल (१८१८-१८८९) यांनीं एप्रिल १८४४ मध्यें आपला एक थर्मामीटर वितळत्या बर्फांत ठेवून पारा कोठें थांबतो याची नोंद केली. वितळत्या बर्फाचें उष्णमान सदैव एकच. तेव्हां पाराहि सदैव त्याच खुणेवर थांबावयास हवा होता. तसें झालें नाहीं. जूल यांनीं मधून मधून हीच परीक्षा डिसेंबर १८८२ पर्यंत चालू ठेवली. या ३८ वर्षांत तें स्थान, प्रथम भरभर व पुढें अगदीं मंद गतीनें, एकंदर सुमारें एक फॅरनहाइट अंश वर सरकलें. अंशाच्या शतांशालाहि जपणाऱ्या संशोधकाच्या दृष्टीनें हा फरक लहान नव्हता. बर्फ बदललें नव्हतें, पाराहि बदलला नव्हता; कांचेचा गोळा आकसत होता.

पाणी ठराविक अंशावर गोठतें व त्याचे कण शिस्तीनें रांगेंत बसतात. कांचेच्या रसाचें तसें नाहीं. तो निवतां निवतां दाट होत जातो. खिडकीच्या साध्या कांचेंत ५५० सेंटिग्रेड अंशांच्या आसपास कणांना हालचालीस अवसर उरत नाहीं, आणि ते असतील त्या अव्यवस्थेंत जखडले जातात. रस जितका झपाट्यानें निवेल, तितकी ही रचना सैल राहते. या सीमेजवळ ती थोड्या वेळांत सांवरते. म्हणूनच कारागीर कांचसामान भट्टींत संथपणें निववितात. थंड कांचेंत तेंच काम वर्षानुवर्षें रेंगाळतें.

बर्लिनचे रुडोल्फ वेबर यांनीं असें दाखविलें कीं, सोडा व पोटॅश हे दोन्ही क्षार एकाच कांचेंत असले म्हणजे हा दोष बळावतो. १८८४ सालीं ऑटो शॉट यांनीं एर्न्स्ट आबे व कार्ल झाइस यांच्या साह्यानें येना येथें कांचेची प्रयोगशाळा काढली. तेथें पोटॅशविरहित अशी '१६-३' क्रमांकाची कांच सिद्ध झाली. उकळत्या पाण्यांत तापलेला गोळा निवल्यावरहि कांहीं काळ फुगलेलाच राहतो, व त्यामुळें बर्फांत पारा खुणेच्या खालीं उतरतो. जुन्या थुरिंगियन कांचेंत ही घट सेंटिग्रेड अंशाच्या तिसऱ्या भागाहूनहि अधिक असे. नव्या कांचेंत ती सुमारें विसाव्या भागावर आली.

पुढें १९४६ सालीं अमेरिकन संशोधक टूल यांनीं कांचेंत गोठून राहिलेली रचना कोणत्या उष्णमानाची, हें एका अंकानें सांगण्याची पद्धति मांडली. मोबाइलच्या पडद्यांसाठीं बनणारी कांच घरगुती उष्णमानांतहि दीड वर्षभर आकसत असल्याचें २०१३ सालीं प्रसिद्ध झालें.

वैद्य, कारखानदार आणि शास्त्रज्ञ हे सर्व मापावर विसंबून निर्णय घेतात. तें माप ज्या साधनानें घ्यावयाचें, तें साधनहि वेळोवेळीं तपासलें पाहिजे, हा जूल यांच्या ३८ वर्षांच्या नोंदींचा धडा आहे.