गॅरेजच्या दारातून आत जाणारं घर



गेले काही भाग आपण लढायांबद्दल बोलतोय. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, साहेबांना झालंय काय? आज बोलायचंय ते मोटारीच्या मागे जोडून न्यायच्या छोट्या घराबद्दल. त्याला कॅम्पिंग ट्रेलर म्हणतात, कुणी कॅराव्हॅन म्हणतात. पण थोडं थांबा, यातही लढाई आहेच.

झालं असं की अमेरिकेत ओहायोला राहणाऱ्या माझ्या मुलीचा फोन आला. "बाबा, एक हलका ट्रेलर घ्यायचाय. आम्ही दोघं आणि दोन मुलं. कुठला घेऊ? तुम्ही तर जन्मभर जीपच्या मागे ट्रेलर ओढलेत." म्हटलं, तुझ्या अडचणी आधी सांग, आवडीनिवडी नंतर. अडचणी तीन निघाल्या. तिच्या वसाहतीच्या नियमांप्रमाणे ट्रेलर घरापुढे उभा ठेवायचा नाही, गॅरेजमध्येच ठेवायचा. गॅरेजचं दार तिकडच्या बहुतेक जुन्या घरांसारखं ७ फूट उंचीचं. आणि गाडीच्या पुस्तिकेत ओढायची मर्यादा १५०० पौंड, म्हणजे साधारण ६८० किलो.

मी म्हटलं, दोन दिवस दे. आणि सवयीप्रमाणे इतिहासात शिरलो.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आम्हा फौजींना चांगलीच लागू पडते. पण हौस म्हणून बिऱ्हाड पाठीवर घेणारा पहिला नामांकित गृहस्थही गणवेशातलाच होता. ब्रिटिश नौदलातला निवृत्त डॉक्टर, गॉर्डन स्टेबल्स. १८८५ साली त्याने ब्रिस्टलच्या एका कारखान्यातून 'वाँडरर' नावाची घोडागाडी बांधून घेतली आणि इंग्लंडमधून निघून थेट स्कॉटलंडच्या इन्व्हरनेसपर्यंत गेला. गाडी १८ फूट लांब, वजन दोन टनांच्या आसपास, आत पुस्तकांचं कपाटसुद्धा. अरुंद रस्त्यावर समोरच्यांना सावध करायला त्याचा नोकर तीनचाकी सायकलवर पुढे. थाट होता, पण चढण आली की घोड्यांचे हाल. पुढे घोड्यांच्या जागी मोटार आली, तरी प्रश्न तोच राहिला. ओढणाऱ्याला झेपेल एवढंच घर न्यायचं.

या प्रश्नाचं सर्वांत साधं उत्तर १९३० च्या दशकात अमेरिकेत निघालं. आकारावरून त्याला टिअरड्रॉप म्हणतात, अश्रूच्या थेंबासारखा. प्लायवुडचा बाजारातला तक्ता ४ फूट बाय ८ फूट असतो. एका तक्त्यातून एक बाजू कापायची, दुसऱ्यातून दुसरी, म्हणजे ट्रेलरची लांबी-उंची सुताराने नव्हे, वखारीने ठरवली. आत फक्त झोपायची जागा. मागचं झाकण वर उचललं की स्वयंपाकाचा ओटा, आणि स्वयंपाक करणारा बाहेर उघड्यावर उभा. महायुद्ध संपल्यावर लष्करी भंगारातले ॲल्युमिनियमचे पत्रे आणि चाकं स्वस्त झाली, तेव्हा घरी बसून टिअरड्रॉप बांधणाऱ्यांचं पीकच आलं. 'पॉप्युलर मेकॅनिक्स'सारख्या मासिकांनी त्याचे आराखडेच छापले.

त्याच भंगारात जीपचे पाव-टनी ट्रेलर होते. पहिली जीप बांधली बँटम कंपनीने, पण मोठी कंत्राटं गेली विलीज आणि फोर्डकडे. बँटमच्या वाट्याला आले हे ट्रेलर. तशाच जातीचा ट्रेलर मी तरुणपणी ओढला आहे. एकदा डोंगर उतरताना तो साप वळवळावा तसा डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागला, आणि मागून तो जीपलाच हलवू लागला. आमचा ड्रायव्हर जुना हवालदार. त्याने ब्रेकला पायसुद्धा लावला नाही. ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि वेग आपोआप उतरू दिला. खाली थांबल्यावर पाहिलं तर पाण्याचे सगळे जेरीकॅन पोरांनी मागच्या टोकाला रचलेले. "साहेब, ट्रेलरचं नाक जड पाहिजे, शेपूट नाही," एवढंच बोलून तो सामान हलवायला लागला. आजही नियम तोच आहे. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर पडला पाहिजे.

आता माझ्या मनातून न जाणारी गोष्ट. जर्मनीच्या दक्षिणेला वाल्डझे हे छोटं गाव. १९४४ मध्ये तिथे एरिख बाखेम नावाचा अभियंता 'नाटर' नावाचं विमान बांधत होता. रॉकेटवर चालणारं, उभ्या खांबावरून सरळ आकाशात सुटणारं, बरंचसं लाकडाचं. धातू आणि कुशल कारागीर दोन्ही संपत आलेले, म्हणून सुतारालाही बांधता येईल असं. वैमानिकाने वर जायचं, बाँबफेक्या विमानांवर अग्निबाण सोडायचे आणि पॅराशूटने उतरायचं, असा बेत. १ मार्च १९४५ ला खांबावरून सुटलेल्या नाटरमध्ये पहिल्यांदा माणूस बसला, लोथार झीबर, वय २२. उड्डाणात कॉकपिटचं झाकण उडालं, आणि विमान मिनिटभराच्या आत जमिनीवर कोसळलं. झीबर गेला. युद्धही त्यानंतर जेमतेम दोन महिने चाललं.

हाच बाखेम १९५७ मध्ये त्याच गावात पुन्हा कामाला लागतो. सोबत एर्विन हायमर, गाड्या दुरुस्त करणाऱ्या बापाचा तरुण इंजिनिअर मुलगा. हे दोघं बांधतात काय, तर छोट्या मोटारीने ओढायचं घर. एरिखचं 'एरि' आणि बाखेमचं 'बा', म्हणून नाव 'एरिबा'. नळ्यांचा हलका सांगाडा, त्यावर पत्रा आणि वर उचलायचं छप्पर. मुक्कामाला छप्पर उचलायचं आणि ताठ उभं राहायचं, निघताना खाली करायचं. त्या काळच्या फोक्सवॅगन बीटलचं इंजिन ३० अश्वशक्तीचं, त्यामुळे प्रत्येक किलो मोजून घ्यावा लागे. त्यांच्या सर्वांत धाकट्या ट्रेलरचं नाव 'पुक'. बाखेम १९६० मध्ये वारला, पुक मात्र त्याच्यामागे कित्येक दशकं बनत राहिला.

मी सैनिक आहे, शस्त्रं बनवणाऱ्यांना नावं ठेवणार नाही. पण हलकं कसं बांधायचं याची तीच अक्कल एकदा एका पोराला खांबावरून आकाशात सोडते आणि बारा वर्षांनी कुणाच्या तरी पोरांना तळ्याकाठी झोपवते, हे वाचल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

पुढचं लवकर सांगतो. फ्रान्समध्ये कॉन्स्टान्ट रूसो या सुताराने १९६१ च्या सुमारास भिंतींची घडी घालता येणारा 'रॅपिडो' काढला. १९६८ मध्ये कॅनडातल्या विनिपेगला रे ओलेको याने फायबरग्लासचा 'बोलर' काढला. त्याआधी तो फायबरग्लासच्या सेप्टिक टँकवर काम करत होता, हसू नका. वरचा आणि खालचा असे दोन अर्धे जोडलेले, मध्ये एकच शिवण, त्यामुळे गळती कमी. अमेरिकेतला 'स्कँप' हा त्याचाच भाऊ, आणि मुलीचं मन त्याच्यावरच जडलेलं. दिसायला खरंच गोड आहे.

पण १३ फुटी स्कँपची उंची भरते साडेसात फुटांच्या आसपास, आणि दार ७ फुटांचं. शिवाय दाराची उंची म्हणजे मोकळी उंची नव्हे. दार उघडं असताना त्याची कड थोडी खाली लोंबते, आणि उताराच्या रस्त्यावरून ट्रेलर आत ढकलताना त्याचं एक टोक वर उचललं जातं. वजनाचंही तसंच. जाहिरातीत छापतात ते रिकामं वजन. त्यात ४० लिटर पाणी म्हणजे ४० किलो, बॅटरी, गॅस, भांडी आणि दोन मुलांचं सामान मिळवलं की १५०० पौंड कधी ओलांडले ते कळतही नाही.

कापडी भिंतींचा, घडी होणारा पॉप-अप उंचीने सहज आत जातो, चौघं झोपतातही. पण पावसात मिटलेल्या तंबूचा वास मला ठाऊक आहे. ओलं कापड दोन दिवसांत उघडून वाळवलं नाही तर बुरशी धरते. पॉप-अपचे पलंग दोन्ही टोकांना बाहेर सरकतात, त्यामुळे गॅरेजमध्ये तो पुरता उघडत नाही, आणि घरापुढे उघडायला वसाहत परवानगी देईलच असं नाही. ताठ भिंतींचे, उघडल्यावर इंग्रजी 'ए'सारखे दिसणारे ट्रेलर वाळवायला सोपे, पण बहुतेक रिकामेच हजार पौंडांच्या वर.

म्हणून मी तिला टिअरड्रॉप सांगितला. मोठ्यांनी आत झोपायचं आणि मुलांसाठी बाजूला तंबू. "मुलं बाहेर?" ती जरा चिडलीच. मी म्हटलं, तू सात वर्षांची असताना मैदानात तंबू लागला की घरी यायला तयार नसायचीस. त्यावर ती काही बोलली नाही.

तंबू वेगळा म्हणजे तो आत आणून न्हाणीघरात वाळत घालता येतो. ट्रेलर दोघांनी हातांनी ढकलून आत घेता येतो. चाकं मात्र साच्याबाहेर येतात, म्हणून रुंदी चाकांसकट मोजायची, आणि लांबीही जोडणीच्या दांड्यासकट.

काल रात्री जावयाने टेप लावून मापं पाठवली. दार उघडं असताना मोकळी उंची ६ फूट १० इंच. लांबीत मात्र फ्रीजर आड येतोय, ११ इंचांनी. फ्रीजर कुठे हलवायचा यावर आता तिकडे चर्चा चालू आहे.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.