लोखंडी हात आणि त्याचा धनी

इ. स. १५०४ मध्यें जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतांतील लांड्सहूट शहराला वेढा पडला असतां गोट्स फॉन बर्लिखिंगेन या सुमारें चोवीस वर्षांच्या सरदाराचा उजवा हात तोफेच्या माऱ्यानें गेला. गोळ्याचा आघात त्याच्याच तलवारीच्या मुठीवर झाला आणि ती मूठ हातांत घुसली. तलवारीवर पोट भरणाऱ्या मनुष्याचा उजवा हात जाणें म्हणजे व्यवसाय, मान आणि पुढील आयुष्य हीं सर्वच एकदम जाणें होय. अंथरुणावर पडला असतां, एका हातानेंच लढणाऱ्या एका जुन्या शिपायाची त्याला आठवण झाली आणि तिनें त्याला धीर आला, असें त्यानें आपल्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. पुढें त्यानें लोखंडाचा हात करवून घेतला. महाकवि गटे यानें १७७३ सालीं त्याच्यावर नाटक लिहिलें, आणि लोखंडी हाताचा गोट्स साहित्यांतही अमर झाला.

त्याचे दोन लोखंडी हात याग्स्टहाउझेन येथील गढींत जपून ठेविले आहेत. त्यांपैकी दुसरा विशेष कौशल्याचा आहे. त्याच्या आंत दांत्यांचीं चाकें व स्प्रिंगा आहेत. शाबूत हातानें लोखंडी बोटें दाबून मिटावीं म्हणजे तीं तेथेंच अडकून राहत. कळ दाबली कीं मोकळीं होत. घोड्याचा लगाम घट्ट धरणें हें स्वाराचें काम अशा हातानें होऊं शकत असे. १५४४ सालीं, म्हणजे हात गेल्यावर चाळीस वर्षांनीं, गोट्स सम्राट पांचव्या चार्लसच्या सैन्याबरोबर फ्रान्सवर चालून गेला होता.

परंतु या हातांत एक मोठी उणीव होती. तो मिटण्यासाठीं दुसरा हात गुंतवावा लागे. ही अडचण दूर करण्याची वाट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बर्लिनच्या बालिफ नांवाच्या दंतवैद्यानें दाखविली. खांदा व धड यांच्या हालचालीनें पट्टे ओढले जावेत आणि त्या ओढीनें बोटें हलावीत, अशी त्याची योजना होती.

या कल्पनेला अत्यंत साधें व टिकाऊ रूप दिलें तें एका जखमी मनुष्यानेंच. अमेरिकेंतील डोरन्स याचा हात १९०९ सालीं लाकूड कापण्याच्या कारखान्यांत अपघातानें तुटला. त्या वेळीं मिळणाऱ्या हातांनीं त्याचें समाधान होईना. १९१२ सालीं त्यानें दुभंगलेल्या आंकड्याचें पेटंट घेतलें. आंकड्याचीं दोन बोटें रबराच्या कड्यांनीं मिटलेलीं राहतात. खांदा पुढें केला कीं पट्ट्याला जोडलेली तार ताणली जाते आणि तीं उघडतात. दिसावयास हें साधन हातासारखें मुळींच नाहीं. तथापि त्यानें टांचणी उचलतां येते आणि टोंकें बारीक असल्यामुळें काय धरलें आहे तें डोळ्यांना दिसतें. शिवाय तारेचा ताण खांद्याला जाणवतो. आंकडा किती उघडला हें न पाहतांही समजतें. गेलेल्या स्पर्शाचा थोडासा अंश असा खांद्यावाटे परत मिळतो.

हॅरोल्ड रसेल या अमेरिकन सैनिकाचे दोन्ही हात ६ जून १९४४ रोजीं, शिक्षण देत असतां झालेल्या स्फोटांत गेले. हातासारखे दिसणारे प्लॅस्टिकचे पंजे आणि पोलादी आंकडे यांतून त्यानें आंकडे पसंत केले. १९४६ च्या एका चित्रपटांत त्यानें हात गमावलेल्या खलाशाची भूमिका केली, आणि तिच्यासाठीं त्याला दोन ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. आंकडे लपविण्याची त्याला गरज भासली नाहीं.

म्हणून रूपाला किंमत नाहीं असें मात्र समजूं नये. बाजारांत, लग्नमंडपांत, नोकरीच्या मुलाखतींत अनेकांचे डोळे रित्या बाहीवर खिळतात, आणि तें दुःख पोलादानें हलकें होत नाहीं. दोन्ही तळवे जोडून नमस्कार करावयाचा झाला तर आंकड्यापेक्षां पंजाच बरा वाटेल. कित्येक जण याच कारणानें कामासाठीं एक व समारंभासाठीं दुसरा असे दोन हात बाळगतात.

१९४८ सालीं जर्मनींत राइनहोल्ड रायटर यानें स्नायूंतील सूक्ष्म विद्युत्प्रवाहावर चालणाऱ्या हाताची माहिती प्रसिद्ध केली. आज अशा हातांचीं बोटें निरनिराळीं हलतात. तरीही वापरणाऱ्यांच्या तक्रारी जुन्याच आहेत: हात जड होतो, खोबण कातडीला कांचते, घामानें जीव नकोसा होतो. मनुष्याच्या पंजाचें वजन सुमारें ४०० ग्रॅम असतें, पण तो हाडाला जोडलेला असल्यामुळें जाणवत नाहीं. तेवढाच कृत्रिम पंजा कातडीवर लोंबत असल्यामुळें ओझें वाटतो. तें असह्य झालें कीं उत्तमांतला उत्तम हातही कपाटांत जातो.

महाराष्ट्रांत पुणें येथें १९४४ सालीं सैनिकांसाठीं कृत्रिम अवयवांचें केंद्र निघालें. पुण्यास असो वा बर्लिनला, अशा कारागिरानें माप घेण्यापूर्वीं विचारावयाचा प्रश्न एकच: आपल्याला कोणतें काम पुन्हां स्वतः करावयाचें आहे? गोट्सला लगाम धरावयाचा होता. दुसऱ्या कोणाला मुलाच्या सदऱ्याचीं बटणें लावावयाचीं असतील. तें उत्तर हात घालणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणालाही देतां येत नाहीं.