मोहसिनकुश : एका वजिराची गोष्ट

उर्दूत एक शब्द आहे, मोहसिनकुश. मोहसिन म्हणजे उपकार करणारा आणि कुश म्हणजे मारणारा. ज्याने आपल्याला हात दिला त्यालाच संपवणारा तो मोहसिनकुश. मराठीत आपण 'कृतघ्न' म्हणतो. त्याची फोड जवळजवळ तशीच आहे. कृत म्हणजे केलेला उपकार, घ्न म्हणजे मारणारा. मी या दोन्ही भाषा शाळेत शिकवते. दोन निरनिराळ्या वाटांनी आलेल्या या शब्दांत 'मारणारा' मात्र एकच असावा, याचे मला नवल वाटते. फरक एवढाच की मराठीत उपकार मारला जातो, उर्दूत उपकार करणारा.

आजकाल 'नार्सिसिस्ट', 'सोशिओपॅथ' हे शब्द मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून घराघरांत पोहोचले आहेत. सासू, साहेब, शेजारी, जो आवडत नाही त्याला हे लेबल लावले जाते. आजार ठरवणे डॉक्टरांचे काम आहे, ते त्यांच्याकडेच राहू द्यावे. पण गोड बोलून आपला वापर करून घेणारा आणि काम झाले की आपल्याला चिरडून पुढे जाणारा माणूस वेळीच ओळखणे ही सर्वांचीच गरज आहे. त्यासाठी मला अठराव्या शतकातल्या दिल्लीचा वजीर इमाद-उल-मुल्क फार उपयोगी वाटतो. त्याची कहाणी सुरू होते आपल्या औरंगाबादेपासून.

पहिल्या निजामाचा थोरला मुलगा गाजीउद्दीन फिरोजजंग दख्खनची गादी मिळवायला मराठ्यांच्या पाठिंब्याने दिल्लीहून औरंगाबादला आला आणि ऑक्टोबर १७५२ मध्ये इथेच मरण पावला. त्याला विष दिले गेले, असे बहुतेक इतिहासकार मानतात. त्याचा मुलगा शिहाबुद्दीन तेव्हा दिल्लीत होता, वय सुमारे सोळा. बाप गेला, आता बादशहा सगळी संपत्ती जप्त करणार अशी भीती होती. हा मुलगा थेट वजीर सफदरजंगाच्या दारात जाऊन बसला आणि रडू लागला. सफदरजंग इराणी गटाचा आणि मुलाचे घराणे तुराणी गटाचे. दोन्ही गटांत जुने वैर. तरीही वजीर विरघळला. त्याने मुलाला बेटा मानले, त्याची मालमत्ता वाचवली आणि बापाचे मीर बख्शीचे पद, म्हणजे बादशाही फौजेच्या पगाराचा आणि हिशेबाचा कारभार, त्याला मिळवून दिले. 'इमाद-उल-मुल्क' ही पदवीही मिळाली. तिचा अर्थ राज्याचा आधारस्तंभ.

वर्षही पुरे झाले नाही. १७५३ मध्ये बादशहा अहमदशहा आणि सफदरजंग यांच्यात उघड युद्ध पेटले, तेव्हा मानलेल्या बापाविरुद्ध सर्वांत जोराने लढला तो हा बेटाच. सफदरजंग हरून अवधला निघून गेला. वजिरी मिळाली इंतिजामुद्दौल्याला. तो इमादचा सख्खा मामा. मामाला आणि बादशहाला वाटले, पोरगा आपल्या कामाचा आहे.

१७५४ मध्ये इमाद मराठ्यांकडे वळला. रघुनाथराव आणि मल्हारराव होळकर तेव्हा सुरजमल जाटाच्या कुंभेरीच्या किल्ल्याला वेढा घालून बसले होते. याच वेढ्यात अहिल्याबाईंचे पती खंडेराव मारले गेले. इमादने पैशाची मोठमोठी वचने देऊन मराठ्यांना आपल्या बाजूला ठेवले. मेमध्ये मल्हाररावांनी सिकंदराबादजवळ बादशहाच्या छावणीवर छापा घातला आणि बादशहा जनानखाना मागे टाकून दिल्लीला पळाला. २ जून १७५४ रोजी त्याने नाइलाजाने इमादला वजिरीची वस्त्रे दिली. त्याच दिवशी इमादने त्याला गादीवरून उतरवले. पुढे त्याचे आणि त्याच्या आईचे, उधमबाईचे, डोळे काढण्यात आले. गादीवर बसवला अजीजुद्दीन, म्हणजे दुसरा आलमगीर. पंचावन्न वर्षांच्या या शहजाद्याचे बहुतेक आयुष्य कैदेत गेले होते. असा माणूस आपल्या मुठीत राहील, हा हिशेब.

यापुढची एक घटना मला सर्वांत बोलकी वाटते. पंजाबच्या सुभेदाराची विधवा मुगलानी बेगम ही इमादची मामी. तिच्या मुलीशी, उमदा बेगमशी, त्याची सोयरीक ठरलेली होती. १७५६ मध्ये त्याने लग्नाचे निमित्त करून माणसे लाहोरला पाठवली आणि होणाऱ्या सासूलाच झोपेतून उठवून कैद करून आणले. लाहोर दुसऱ्याच्या हाती दिले. तिने त्याला तळतळाट दिले, आणि अहमदशहा अब्दालीला बोलावणे धाडले. जानेवारी १७५७ मध्ये अब्दाली दिल्लीत शिरला. कोणत्या अमिराच्या हवेलीत किती धन दडले आहे हे त्याला सांगणाऱ्यांत ही बेगमही होती. एका माणसाच्या कपटाची किंमत सगळ्या शहराने मोजली.

शेवटचा घाव नोव्हेंबर १७५९ मधला. आलमगीर स्वभावाने धार्मिक, फकिरांवर श्रद्धा ठेवणारा. फिरोजशहा कोटल्यात एक मोठा दरवेश आला आहे, असे त्याला इमादच्या माणसांनी सांगितले. बादशहा दर्शनाला गेला आणि तिथे त्याचा खून झाला. प्रेत यमुनेच्या वाळूत फेकले गेले. त्याच सुमारास मामा इंतिजामुद्दौलाही मारला गेला.

ही सगळी नावे ओळीने वाचली की एक गोष्ट दिसते. इमाद प्रत्येकाकडे त्याच्या सर्वांत मऊ जागेतून शिरला. सफदरजंगाकडे अनाथ मुलगा होऊन, मामीकडे जावई होऊन, बादशहाकडे फकिराचे नाव घेऊन. माया, सोयरीक, श्रद्धा या चांगल्या गोष्टी आहेत. म्हणूनच त्या आमिष म्हणून चालतात. हा माणूस अडाणी किंवा उनाड होता असेही नाही. त्याला लहानपणी मौलवींच्या कडक शिस्तीत वाढवले होते. तो अनेक भाषा जाणत होता, त्याचे हस्ताक्षर सुंदर होते आणि तो कविताही करी. अदब, तालीम आणि नमाजी चेहरा पाहून आपण माणसाची पारख करतो, आणि तिथेच फसतो.

याहून महत्त्वाची दुसरी गोष्ट. त्याच्या जवळजवळ प्रत्येक बळीने आधीच्या बळीची गत डोळ्यांनी पाहिली होती. इतकेच नव्हे, तिच्यात हात घातला होता. सफदरजंगाला संपवताना बादशहा आणि मामा सोबत होते. बादशहाला संपवताना मराठे सोबत होते. सफदरजंगालाही शत्रूच्या गटातले एक पोर हाती लागले याचा आनंद झालाच असेल. त्याने दुसऱ्याला फसवले तेव्हा आपला फायदा होता, म्हणून आपण त्याला हुशार म्हटले. आपली पाळी आली तेव्हा त्याला कपटी म्हटले. माझ्या मते अशी माणसे ओळखता येत नाहीत ती त्यांच्या हुशारीमुळे कमी आणि आपल्या सोयीमुळे जास्त.

काही जण यात धर्म शोधतील. त्यांनी एवढे पाहावे की इमादचे बळी बहुतेक त्याच्याच धर्माचे आणि काही तर त्याच्याच घरातले होते. साथ देणाऱ्यांत हिंदूही होते, मुसलमानही. आणि नाते मानून फसणे ही काही सफदरजंगाचीच मक्तेदारी नव्हती. १७५७ मध्ये नजीबखान रोहिला मराठ्यांच्या हाती सापडला, तेव्हा त्याने मल्हाररावांपुढे आपण तुमचा धर्मपुत्र म्हणून गयावया केली आणि सुटला. पुढे पानिपतावर अब्दालीला उभा करण्यात त्याचाच हात मोठा होता. बेटा म्हणा की धर्मपुत्र, चाल एकच.

मग करायचे काय? या कहाणीत एकाला ते उमगले होते, आलमगीरचा मुलगा अली गौहर याला. इमादने १७५८ मध्ये त्याच्या हवेलीला फौजेचा वेढा घातला, तेव्हा मूठभर साथीदारांसह तो लढत बाहेर पडला आणि एका मराठा सरदाराच्या छावणीत पोहोचला. मग तो पूर्वेकडे गेला. इमादला सुधारण्याचा, त्याच्याशी वाद घालून सत्य कबूल करून घेण्याचा नाद त्याने केला नाही. तो अंतर राखून राहिला. तोच पुढे शाहआलम बादशहा झाला. महादजी शिंदे यांच्या मदतीने तो दिल्लीत परतला ते जानेवारी १७७२ मध्ये. म्हणजे सुटकेची किंमत जवळजवळ चौदा वर्षांची वणवण. पण जो बाप दिल्लीत थांबला तो कोटल्यात मेला.

एक बाजू इमादचीही मांडली पाहिजे. सोळाव्या वर्षी बाप विषाने गेला आणि ज्या दरबारात तो वाढला तिथे दगा हा रोजचा व्यवहार होता. त्यामुळे तो असा का झाला हे समजते. पण समजणे वेगळे आणि पुन्हा त्याच्या हाती सापडणे वेगळे. कुणाच्या दुःखावर दया करताना घराची किल्ली त्याच्या हाती द्यावी लागत नाही.

अशा माणसाला नियती धडा शिकवतेच, या आशेवर बसू नये. इमाद सुरजमलाच्या आश्रयाला गेला, नंतर वर्षानुवर्षे भटकला, हजही करून आला. शेवटी पेशव्यांकडूनच त्याला काल्पीजवळ बावन्न गावांची जहागीर मिळाली. तीच पुढची बावनी रियासत, जी त्याच्या वंशजांकडे १९४८ पर्यंत राहिली. तो १८०० मध्ये काल्पीत वारला. ज्यांचे डोळे गेले, जे यमुनेच्या वाळूत पडले, त्यांना यातले काही पाहायला मिळाले नाही.

उर्दूत इतिहासाला 'तारीख' म्हणतात आणि दिवसालाही तारीखच म्हणतात. एखाद्याचा इतिहास पाहायचा म्हणजे त्याच्या तारखा पाहायच्या. मुलीचे स्थळ असो, धंद्यातला भागीदार असो की समाजाचा पुढारी, तो आपल्याशी किती गोड बोलतो हे मोजू नका. एकच विचारा, याच्या आधीच्या मोहसिनाचे काय झाले? उत्तर देताना तो प्रत्येक जुन्या साथीदाराला नालायक ठरवत असेल, तर त्या यादीत एक जागा अजून रिकामी आहे, आणि ती आपल्यासाठी ठेवलेली आहे.