फेरात शिरण्याची रीत : खान्देशातील सामूहिक नृत्ये आणि प्रवेशाचे संकेत

प्रस्तावना

सामूहिक नृत्याचा इतिहास लिहिताना वेशभूषा, वाद्ये, गीते आणि सण-प्रसंग यांची नोंद आवर्जून केली जाते. मात्र आधीच भरलेल्या फेरात नवागताने कोठून, केव्हा आणि कोणाच्या संमतीने शिरावे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः नृत्य कोणाचे आहे, या प्रश्नाचे उत्तर प्रवेशाच्या रीतीतच दडलेले असते. प्रस्तुत लेखात खान्देशातील तीन प्रसंगांच्या आधारे या रीतीचा विचार केला आहे.

१९०६ मध्ये खान्देश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. त्यांतून पुढे जळगाव व धुळे हे जिल्हे आकारास आले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. १८८० च्या खान्देश गॅझेटियरमध्ये भिल्ल, पावरा, कोकणा, मावची आदी जमातींची माहिती स्वतंत्रपणे दिली आहे. प्रशासनाच्या सोयीसाठी केलेली ही विभागणी नृत्याच्या मैदानावर मात्र तशीच टिकत नाही. तेथे जमातीइतकेच महत्त्व गावाला, व्रताला आणि सोयरिकीला असते.

डोंगऱ्यादेवाची खळी

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील पश्चिम पट्ट्यात आणि लगतच्या नाशिक जिल्ह्यात मार्गशीर्ष महिन्यात डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो. कोकणा, भिल्ल आदी समाजांत त्याला मोठे महत्त्व आहे. नृत्यासाठी राखलेल्या जागेस ‘खळी’ म्हणतात. व्रत घेतलेल्या पुरुषांना ‘माऊली’ या नावाने संबोधिले जाते. पावरी या भोपळा व शिंग यांपासून बनविलेल्या सुषिर वाद्याच्या सुरावर माऊल्या फेर धरतात आणि पौर्णिमेस डोंगरावरील देवस्थानी जाऊन उत्सवाची सांगता होते.

येथे फेरात शिरण्याची पात्रता नृत्यकौशल्याने ठरत नाही, ती व्रताने ठरते. ज्याने उत्सवकाळातील बंधने स्वीकारली, त्याचे पाऊल चुकले तरी त्याचे स्थान अबाधित राहते. उलट, उत्तम नाचणारा परंतु व्रताबाहेरचा मनुष्य प्रेक्षकच राहतो. खळीची सीमा ही अशा प्रकारे जागेची असते, तितकीच आचाराचीही असते.

सातपुड्यातील होळी व भोंगऱ्या

सातपुड्याच्या पट्ट्यात, म्हणजे शिरपूर, चोपडा, यावल हे तालुके आणि नंदुरबार जिल्ह्याचा डोंगराळ भाग येथे, होळीचा नाच हा वर्षातील सर्वांत मोठ्या गर्दीचा प्रसंग होय. होळीपूर्वीच्या आठवड्यात गावोगावच्या बाजारांना ‘भोंगऱ्या’चे रूप येते. प्रत्येक गाव आपला ढोल घेऊन येते आणि त्या ढोलाभोवती त्या गावाचा फेर बनतो. त्यामुळे एकाच मैदानात अनेक फेर एकमेकांना न भिडता चालतात. परगावचा मनुष्य साधारणपणे सोयरिकीच्या अथवा ओळखीच्या आधाराने फेराजवळ येतो. हात किंवा कंबर धरून चालणाऱ्या साखळीत टोकाला जोडून घेणे सोपे असते, परंतु मध्ये शिरावयाचे तर दोघांनी आपली पकड सोडून त्याला जागा द्यावी लागते. अशी पकड सुटणे हीच तेथील संमती होय.

अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील होळीत अंगावर राखेची नक्षी, कमरेस भोपळे व घुंगरू आणि मस्तकी मोरपिसांचा टोप धारण करणारे ‘बुध्या’ व्रतस्थ असतात. जमिनीवर झोपणे, ब्रह्मचर्य पाळणे आदी नियम त्यांनी आधीपासून पाळलेले असतात. विशेष म्हणजे परिसरातील निरनिराळ्या गावांच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी येतात. एका गावाच्या यजमानपदाआड दुसरे गाव येऊ नये आणि प्रत्येकास पाहुणा होता यावे, अशी सोय या क्रमाने साधते. गर्दीचे नियोजन पंचांगातच केलेले आहे, असे म्हणता येईल.

या नाचाविषयी एक गैरसमज मात्र दीर्घकाळ प्रचलित राहिला. मध्य प्रदेशात ‘भगोरिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बाजारांचे ‘आदिवासींचा स्वयंवर-मेळा’ असे वर्णन वृत्तपत्रांतून व पर्यटन-साहित्यातून होत आले. आदिवासी संघटनांनी व अभ्यासकांनी त्यास स्पष्ट हरकत घेतली आहे. फेरात येण्याची संमती म्हणजे विवाहाची संमती नव्हे. हा भेद न कळल्याने फेरातील स्त्रियांकडे पाहण्याची बाहेरच्यांची दृष्टी दूषित झाली. संकेतांचे अज्ञान किती महागात पडते, याचे हे ठळक उदाहरण होय.

कानबाईची मिरवणूक

जळगाव-धुळ्याच्या मैदानी भागात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते व दुसऱ्या दिवशी विसर्जन होते. विसर्जनाच्या मिरवणुकीत स्त्रिया फुगड्या खेळतात. येथे व्रताची अट शिथिल असली तरी फुगडीची स्वतःची शिस्त आहे. परस्परांचे हात घट्ट धरून मागे कललेल्या दोघींचा तोल एकमेकींच्या पकडीवर अवलंबून असतो. म्हणून तिसरीने मध्ये न येता जोडी थांबेपर्यंत वाट पाहावयाची आणि मग हात पुढे करावयाचा, हा संकेत सुरक्षिततेतून जन्मलेला आहे.

एक तुलना

हा प्रश्न केवळ खान्देशचा नाही. अर्जेंटिनातील ब्वेनोस आयरेस येथील टँगो नृत्यसभेत, म्हणजे ‘मिलोंगा’त, जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. गर्दी असता नव्या जोडीने कडेला थांबावे, येणाऱ्या नर्तकाशी नजरभेट घ्यावी आणि त्याने मान हलवून जागा दिल्यावरच आत पाऊल टाकावे, असा शिष्टाचार आहे. २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत टँगोचा समावेश झाला. महानगरातील परक्यांच्या सभेत नजर जे काम करते, ते सातपुड्यात सुटलेली पकड करते. दोन्हीकडे तत्त्व एकच आहे : आधीपासून नाचणाऱ्याचा हक्क प्रथम, आणि प्रवेश हा घ्यावयाचा नसून मिळावयाचा असतो.

समारोप

आज ही नृत्ये महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांत व विद्यापीठीय युवक महोत्सवांत सादर होतात. त्यामुळे त्यांना प्रतिष्ठा लाभली, हे मान्य करावे लागेल. परंतु रंगमंचावर कलावंतांची संख्या व वेळ आधीच निश्चित असते. तेथे कोणी नव्याने येत नाही, म्हणून कोणी जागाही देत नाही. दुसरीकडे, होळीच्या मूळ स्थळी छायाचित्रांसाठी थेट फेरात घुसणारे प्रेक्षक वाढले आहेत. एका ठिकाणी प्रवेशच उरला नाही, तर दुसऱ्या ठिकाणी त्याची मर्यादा उरली नाही. दोन्हींचा परिणाम एकच होतो : फेर हा समाज न राहता देखावा बनतो.

म्हणूनच या नृत्यांचे दस्तऐवजीकरण करताना पावलांबरोबर प्रवेशाचे संकेतही नोंदविले जाणे अगत्याचे आहे. गावातील वृद्ध स्त्री-पुरुषांना ‘कसे नाचता?’ असे विचारण्यापूर्वी ‘फेरात कोणाला व कसे घेता?’ असे विचारल्यास खान्देशाच्या सामाजिक इतिहासाचे एक दुर्लक्षित अंग प्रकाशात येईल.